वाघ-बिबट्यांची डॉक्टर व्हायचं असेल तर…



गटांच्या बैठकांमध्ये एक प्रश्न आमच्यापुढे पुन्हा पुन्हा येतो. कुणाची लेक दहावी झालेली असते, कुणाची पुतणी बारावी सायन्सला असते. पोरगी अभ्यासात बरी असते, जनावरांची तिला आवड असते, आणि ती म्हणते, “मला जनावरांची डॉक्टर व्हायचंय, पण वाघ-बिबट्यांची.” घरात हसू होतं. आजी म्हणते, “बिबट्याची नाडी कोण बघणार गं बाई?” आई मात्र गप्प बसते. असं शिक्षण असतं का, कुठे मिळतं, किती वर्षं लागतात आणि पुढे त्यावर पोट भरतं का, यातलं काहीच तिला कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून आज या चार प्रश्नांची उत्तरं देतो. त्यांच्या जोडीला पाचवी गोष्टही सांगणार आहोत, ती म्हणजे या डॉक्टरकीचा आपल्या गोठ्याशी काय संबंध. लेकीला या वाटेला पाठवायचं नसलं, तरी ही पाचवी गोष्ट प्रत्येकीने ऐकावी अशी आहे.

ही डॉक्टरकी वेगळी का?

आपली गाय आजारी पडली की आपल्याला लगेच कळतं. ती वैरण खात नाही, रवंथ करत नाही, कान पाडून उभी राहते. डॉक्टर येतात, आपण शिंगं धरतो, ते सुई टोचतात. बिबट्याचं तसं नाही. जंगलातलं जनावर आपलं दुखणं लपवतं, कारण दुबळं दिसलं की दुसरं जनावर त्याचा घास करणार किंवा त्याची हद्द बळकावणार. ते आजारी आहे हे माणसाला कळेपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो. आणि कळलं, तरी त्याच्या अंगाला हात कसा लावायचा?

त्यासाठी गुंगीचं औषध द्यावं लागतं. विहिरीत पडलेला, तारेत अडकलेला किंवा घरात शिरलेला बिबट्या पकडताना डॉक्टर लांबून एक सुई मारतात, तिला डार्ट म्हणतात. टीव्हीवर ते फार सोपं दिसतं. प्रत्यक्षात डॉक्टरला आधी नुसत्या नजरेने वजनाचा अंदाज बांधावा लागतो. मादी ३०-४० किलोची असते, मोठा नर ६०-७० किलोपर्यंत जातो. औषध कमी पडलं तर अर्धवट गुंगीतलं जनावर उठून अंगावर येतं. जास्त झालं तर त्याचा श्वास थांबतो. बिबट्यासाठी सहसा झायलाझिन आणि केटामिन ही दोन औषधं मिळून वापरतात. सुई लागल्यावर जनावर लगेच पडत नाही, काही मिनिटं जातात. तेवढा वेळ सगळ्यांनी गप्प आणि लांब राहायचं असतं. गर्दीने आरडाओरडा केला की घाबरलेल्या जनावरावर औषध नीट चढत नाही, आणि ते उठून जवळच्या माणसावर झेप घेतं.

जनावर पडलं म्हणजे काम संपलं असं नाही. गुंगीत त्याच्या पापण्या मिटत नाहीत, म्हणून डोळ्यांत मलम घालून वर कापड बांधतात. श्वास मोजतात. अंग तापतंय का ते पाहतात, तापलं तर पाणी मारतात. जखम धुतात, रक्ताचा नमुना घेतात. कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवतात, म्हणजे तेच जनावर पुन्हा सापडलं तर ओळखू येतं. झायलाझिनची गुंगी उतरवायला उलट काम करणारं औषध असतं. तेही किती आणि कधी द्यायचं हे शिकावं लागतं.

हरणाचा प्रकार आणखी निराळा. चितळ किंवा नीलगाय पकडताना फार पळवली, फार घाबरवली, तर नुसत्या भीतीने आणि दमणुकीने तिचे स्नायू निकामी होतात. वरून जखम दिसत नाही, पण दोन-चार दिवसांत ती मरते. हत्ती आणि गेंड्यासाठी एटॉर्फिन नावाचं औषध वापरतात. ते इतकं जहाल असतं की चुकून थेंबभर माणसाच्या अंगात गेलं तरी जीव जाऊ शकतो, म्हणून त्याचा उतारा हाताशी ठेवूनच बाटली उघडतात.

आता सांगा, हे सगळं गाई-म्हशींवर काम करून आपोआप येईल का? नाही येणार. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर हुशार असतात, पण त्यांचा सराव गाय, म्हैस, शेळी, कोंबडीचा. त्यांनी बंदुकीने डार्ट मारलेला नसतो. तरीही रात्री बारा वाजता गावात बिबट्या शिरला, तर बऱ्याचदा बोलावणं त्यांनाच जातं. म्हणूनच वन्यप्राण्यांच्या वैद्यकाचं वेगळं प्रशिक्षण लागतं. नव्या पोरींनाही ते हवं आणि नोकरीत असलेल्या डॉक्टरांनाही हवं.

पहिली पायरी : पशुवैद्यकाची पदवी

एक गोष्ट आधी पक्की लक्षात ठेवा. बारावीनंतर थेट ‘वाघांचा डॉक्टर’ अशी पदवी नसते. आधी पशुवैद्यकाची मूळ पदवी घ्यावी लागते. तिला बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. म्हणतात. हा साडेपाच वर्षांचा अभ्यास आहे. साडेचार वर्षं वर्गात आणि दवाखान्यात शिकायचं, मग एक वर्ष आंतरवासिता करायची, म्हणजे वरिष्ठ डॉक्टरांच्या हाताखाली प्रत्यक्ष काम करायचं.

त्यासाठी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे विषय हवेत. माणसांच्या डॉक्टरकीसाठी जी नीट परीक्षा असते, तीच इथेही द्यावी लागते. त्यामुळे निर्णय बारावीनंतर घेऊन चालत नाही. अकरावीला शाखा निवडतानाच घ्यावा लागतो. गावातल्या शाळेत सायन्स नाही म्हणून पोरीला कलाशाखेत घातलं, की ही वाट तिथेच बंद होते.

आपल्या राज्यात हे शिक्षण महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे. ते नागपूरला आहे आणि २००० साली स्थापन झालं. लोक त्याला ‘माफसू’ म्हणतात. त्याची महाविद्यालयं मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि सातारा जिल्ह्यात शिरवळला आहेत. अकोल्यालाही संस्था आहे. यांतलं मुंबईचं महाविद्यालय १८८६ सालचं, देशातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. म्हणजे मराठवाड्यातल्या पोरीला परभणी-उदगीर जवळ, विदर्भातलीला नागपूर, पश्चिम महाराष्ट्रातलीला शिरवळ.

खर्चाचं काय? ही सरकारी महाविद्यालयं आहेत, त्यामुळे खाजगी मेडिकल कॉलेजइतके पैसे लागत नाहीत. शिवाय २०२४-२५ या वर्षापासून राज्य सरकारने व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या मुलींना शिक्षण शुल्कात पूर्ण माफी दिली आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी या प्रवर्गांतल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या मुलींसाठी ती आहे. अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांसाठी शिष्यवृत्त्या वेगळ्या आहेत. अर्ज महाडीबीटीवर भरायचा असतो. उत्पन्नाचा दाखला आणि जातीचा दाखला आधीच काढून ठेवा. प्रवेश मिळाल्यावर दाखल्यासाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवायची वेळ येऊ नये. वसतिगृह, खानावळ आणि पुस्तकांचा खर्च मात्र धरून चालावा लागेल.

पदवी झाली की राज्याच्या पशुवैद्यक परिषदेत नाव नोंदवावं लागतं. त्याशिवाय कायद्याने डॉक्टर म्हणून काम करता येत नाही.

दुसरी पायरी : शिकता शिकता हात वळवणं

पदवीच्या अभ्यासातच प्राणिसंग्रहालयातल्या आणि जंगलातल्या जनावरांच्या देखभालीचा थोडा भाग असतो, पण तो थोडाच. ज्या पोरीला यात पुढे जायचं आहे, तिने सुट्ट्या आणि आंतरवासितेचा काळ त्यासाठी वापरायला हवा.

महाराष्ट्रात अशा शिकण्याच्या जागा आहेत. नागपूरजवळ गोरेवाडा इथे माफसूचं वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथेच वन्यप्राण्यांचं बचाव केंद्र आणि २०२१ साली सुरू झालेलं मोठं प्राणिउद्यान आहे. पुण्यात कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय आहे. मुंबईत भायखळ्याची राणीची बाग आणि बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. जुन्नर तालुक्यात माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे. ते वन विभाग आणि वाईल्डलाईफ एसओएस ही संस्था मिळून चालवतात.

अशा ठिकाणी गेलेल्या विद्यार्थिनीला पहिल्या दिवशी कुणी डार्टची बंदूक हातात देत नाही. पिंजरा कसा धुवायचा, कुठल्या जनावराला किती मांस, ते कुठे ठेवायचं, आज कुणी किती खाल्लं, शेण कसं पडलं, याची नोंद ठेवायला ती शिकते. आपण गोठ्यात जे रोज करतो तेच. म्हशीच्या शेणाकडे पाहून तिचं पोट कसं आहे हे सांगणारी आपली लेक या कामात मागे पडणार नाही. उलट शहरात वाढलेल्या मुलांपेक्षा तिची नजर तयार असते.

तिसरी पायरी : खास शिक्षण

पदवीनंतर दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण असतं, त्याला एम.व्ही.एस्सी. म्हणतात. वन्यप्राण्यांच्या विषयात ते देशात मोजक्याच ठिकाणी मिळतं. आपल्याला सर्वांत जवळचं म्हणजे मध्य प्रदेशात जबलपूर. तिथल्या नानाजी देशमुख पशुवैद्यक विद्यापीठात वन्यजीव आरोग्याचा स्वतंत्र विभाग आहे. आजूबाजूला कान्हा, पेंच, बांधवगड ही वाघांची जंगलं असल्याने प्रत्यक्ष काम भरपूर. तिथे न्यायवैद्यकही शिकवतात, म्हणजे मेलेलं जनावर आजाराने गेलं, विषाने गेलं की शिकाऱ्याने मारलं, हे ओळखायचं शास्त्र. चेन्नईच्या मद्रास पशुवैद्यक महाविद्यालयात वन्यजीव शास्त्राचा विभाग आहे. केरळात वायनाडमधल्या पूकोडे इथल्या पशुवैद्यक विद्यापीठात वन्यजीव अभ्यासाचं केंद्र आहे.

उत्तर प्रदेशात बरेलीजवळ इज्जतनगर इथे भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था आहे. ही देशातली मोठी संस्था, आणि तिचं मूळ आपल्या पुण्याचं. १८८९ साली ती पुण्यात सुरू झाली आणि नंतर उत्तरेत गेली. तिथे वन्यप्राण्यांच्या रोगांवर काम करणारं केंद्र आहे. प्राणिसंग्रहालय व वन्यप्राणी आरोग्य या विषयात पदवीधर डॉक्टरांसाठी पदव्युत्तर पदविकाही तिथे ठेवलेली आहे.

हत्तींबद्दल शिकायचं तर आसामकडे बघावं लागतं. गुवाहाटीच्या खानापाडा महाविद्यालयातले डॉ. कुशल कोंवर शर्मा यांनी शेकडो हत्तींवर उपचार केले. २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली. काझीरंगाजवळ २००२ पासून वन्यप्राण्यांचं पुनर्वसन केंद्र चालतं. पुरात वाहून आलेली गेंड्याची आणि हत्तीची पिल्लं तिथे वाढवून पुन्हा जंगलात सोडतात. मथुरेला २०१८ साली खास हत्तींसाठी दवाखाना सुरू झाला.

नोकरीत असलेल्या डॉक्टरांसाठी छोटी प्रशिक्षणं असतात, काही दिवसांची तर काही आठवड्यांची. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण ही १९९२ पासूनची सरकारी संस्था. देशातल्या प्राणिसंग्रहालयांना मान्यता देणं हे तिचं काम आणि ती तिथल्या डॉक्टरांना शिकवण्याचीही व्यवस्था करते. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था वन अधिकाऱ्यांना आणि पशुवैद्यकांना प्रशिक्षण देते.

परदेशातही वाटा आहेत. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजात, तिथल्या प्राणिशास्त्र संस्थेच्या जोडीने, वन्यप्राणी आरोग्याचा एम.एस्सी. अभ्यासक्रम चालतो. अमेरिकेत १९८३ पासून प्राणिसंग्रहालय वैद्यकाच्या तज्ज्ञांचं मंडळ आहे. तिथे तज्ज्ञ म्हणवून घ्यायचं तर पदवीनंतर अनेक वर्षं निवासी डॉक्टर म्हणून काम करून अवघड परीक्षा द्यावी लागते. पण आधी देशातली पदवी आणि काही वर्षांचा अनुभव घ्यावा. एजंटाच्या सांगण्यावरून कर्ज काढून धाव घेऊ नये.

पोट भरतं का?

इथे आम्ही गोड बोलणार नाही. फक्त वन्यप्राण्यांच्या डॉक्टरांच्या जागा थोड्या आहेत. प्राणिसंग्रहालयं, बचाव केंद्रं, व्याघ्र प्रकल्प आणि काही संस्था, एवढीच ठिकाणं. यांतल्या बऱ्याच जागा कंत्राटी असतात, तर काहींवर पशुसंवर्धन विभागातले डॉक्टर काही वर्षांसाठी पाठवले जातात. संस्थांमध्ये सुरुवातीचा पगार बेताचा आणि काम दिवसरात्र.

पण पोरगी उघड्यावर पडत नाही, कारण तिच्या हातात मूळ पदवी असते. ती लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन पशुधन विकास अधिकारी होऊ शकते. तालुक्याला स्वतःचा दवाखाना काढू शकते. दूध संघात, कुक्कुटपालनाच्या कंपनीत, औषध कंपनीत, महाविद्यालयात काम करू शकते. आणि जंगलालगतच्या तालुक्यात पशुधन विकास अधिकारी असलेल्या बाईने वन्यप्राण्यांचं प्रशिक्षण घेतलेलं असेल, तर त्या भागाला तिचा केवढा आधार! म्हणून आमचं सांगणं असं, की मूळ पदवी हे शेत आणि वन्यप्राण्यांचं शिक्षण हे त्यातलं खास पीक. शेत असलं की एखाद्या साली पीक बदलता येतं.

दुसरा प्रश्न लग्नाचा. तो कुणी मोठ्याने विचारत नाही, पण प्रत्येक घरात असतो. बारावी अठराव्या वर्षी, पदवी तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी, एम.व्ही.एस्सी. केलं तर पंचविशी-सव्विशी. हा हिशेब आधीच मांडा, पोरीसमोर मांडा आणि नातेवाइकांनाही सांगून टाका. मधल्या वर्षी ‘चांगलं स्थळ आलंय’ म्हणून शिक्षण सोडवलं, तर पोरीची वर्षंही जातात आणि सरकारी जागाही वाया जाते. त्याच जागेसाठी दुसऱ्या कुणाची तरी पोर यादीत खाली राहिलेली असते.

आणि ‘हे बाप्याचं काम, बाईच्या अंगात एवढी ताकद कुठली?’ असं कुणी म्हणालं, तर त्याला सांगा की बिबट्याला पैलवानही ताकदीने धरू शकत नाही. बिबट्याला धरतं ते औषध, आणि औषध चालतं ते डोक्याने, मोजमापाने आणि धीराने. ब्रिटनमध्ये अलीन कस्ट नावाच्या बाईंनी १८९४ साली पशुवैद्यकाचं शिक्षण सुरू केलं. बाई म्हणून त्यांना मान्यता नाकारली गेली, तरी त्या आयर्लंडात काम करत राहिल्या. कायदा बदलल्यावर १९२२ साली त्यांना प्रमाणपत्र मिळालं. आज आपल्या पोरीला कायदा अडवत नाही. अडवलं तर घर अडवतं.

रात्रीबेरात्री जंगलात जावं लागतं ही काळजी मात्र खरी आहे. कुठल्याही केंद्रात पोरीला पाठवण्याआधी राहायची सोय काय, रात्री सोबत कोण, तक्रार ऐकायला समिती आहे का, अपघाताचा विमा आहे का, रेबीजची लस देतात का, हे प्रश्न विचारा. विचारायला लाजू नका.

आणि आता आपला गोठा

वन्यप्राण्यांच्या वैद्यकातला मोठा धडा असा की जंगलाचं दुखणं आणि गावाचं दुखणं वेगळं नसतं. तीन उदाहरणं देतो.

पहिलं गिधाडांचं. आपल्या लहानपणी मेलेलं ढोर गावाबाहेर टाकलं की गिधाडांचे थवे उतरायचे. ती कुठे गेली? गुरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन द्यायचे. असं औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने ते खाल्लं, की त्याच्या मूत्रपिंडाचा नाश व्हायचा. २००४ साली शास्त्रज्ञांनी हे कारण शोधून काढलं. तोपर्यंत काही जातींची ९० टक्क्यांहून अधिक गिधाडं संपली होती. २००६ साली भारताने जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. २०२३ साली असिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन यांवरही बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न मारणारं औषध आहे. म्हणून आपल्या गुराला सुई देताना ‘हे कुठलं औषध?’ असं विचारायचा आपल्याला हक्क आहे. माणसांसाठीचं इंजेक्शन मेडिकलमधून आणून गुराला टोचू नका.

दुसरं उदाहरण सिंहांचं. २०१८ साली गुजरातमध्ये गीरच्या जंगलात काही आठवड्यांत २०हून अधिक सिंह मेले. तपासणीत त्यांच्यात डिस्टेंपर नावाचा विषाणू सापडला. हा मुळात कुत्र्यांचा आजार. आफ्रिकेत सेरेंगेटीच्या जंगलात १९९४ साली याच आजाराने तिथले जवळजवळ एक तृतीयांश सिंह गेले होते आणि तो गावच्या कुत्र्यांकडून पोचला होता. पुढे तिथे कुत्र्यांनाच लस टोचायला सुरुवात झाली. आपल्याकडे बिबट्या गावात येऊन कुत्री खातो. म्हणजे गावातल्या कुत्र्यांना लस देणं ही बिबट्याचीही काळजी आणि रेबीजपासून आपल्या लेकरांचीही.

तिसरं माकडतापाचं. १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला. आधी माकडं मरतात, त्यांच्या अंगावरच्या गोचिडी जंगलात पसरतात आणि माणसाला चावतात. २०१६ साली आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात त्याची मोठी साथ आली. काजूच्या बागेत, पानगळीच्या दिवसांत पाला-लाकडं गोळा करायला जाणाऱ्या बाया-माणसांना हा धोका सर्वांत जास्त. मेलेलं माकड हा धोक्याचा पहिला इशारा असतो. ते पाहून नमुना घेणारा पशुवैद्य आणि तो तपासणारी पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था, या साखळीतली पहिली कडी म्हणजे ते माकड पाहणारी आपल्यातली बाई. म्हणून मेलेल्या माकडाला हात लावू नका, जवळ जाऊ नका, लगेच आरोग्य केंद्राला आणि वन विभागाला कळवा.

बिबट्या पकडून लांब सोडला की झालं का?

आपल्या प्रत्येक गावात ही मागणी होते. जुन्नर भागात २००१ पासून बिबटे पकडून दुसरीकडे नेऊन सोडायला सुरुवात झाली. अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदी तपासल्या. आधी त्या भागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते, ते सरासरी १७वर गेले. घाबरलेलं, अनोळखी जागी सोडलेलं जनावर जास्त धोक्याचं ठरतं. म्हणून शिकलेला वन्यजीव डॉक्टर फक्त सुई मारत नाही. सुई मारायची की नाही, हेही तोच सांगतो. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार बिबट्यासारखं जनावर पकडायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. गावकऱ्यांनी फासे लावून किंवा काठ्या घेऊन ते काम करायचं नाही.

ऊसतोडीच्या वेळी फडात बिबट्याची पिल्लं सापडतात. मांजरीची समजून त्यांना घरी आणू नका. तोड थांबवा, लांब व्हा आणि वन विभागाला कळवा. डॉक्टर पिल्लं तपासतात, गोचिडी काढतात, चिप बसवतात आणि संध्याकाळी त्याच जागी खोक्यात ठेवतात. बहुतेक वेळा आई रात्री येऊन एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. पिल्लं न सापडलेली आई त्या रानात फिरत राहिली, तर दुसऱ्या दिवशी धोका तोड करणाऱ्या बायांनाच.

आणि बिबट्याने शेळी किंवा कालवड मारली, तर रागाच्या भरात त्या मढ्यावर विष टाकू नका. ते कुत्री, घारी, कोल्हे सगळ्यांना मारतं, शवविच्छेदनात उघडकीला येतं आणि गुन्हा दाखल होतो. त्यापेक्षा मढं हलवू नका, लगेच वन विभागाला कळवून पंचनामा करून घ्या. पशुवैद्यकाचं मत नोंदवलं गेलं की भरपाईची वाट सोपी होते.

आपला गट काय करू शकतो?

वन विभागाचा १९२६ आणि जनावरांच्या दवाखान्याचा १९६२ हे दोन क्रमांक समाजमंदिराच्या भिंतीवर रंगवून घ्या. गावातल्या पशुसखीला सोबत घेऊन वर्षातून एकदा कुत्र्यांच्या लसीकरणाचा दिवस ठेवा. तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना बैठकीला बोलवा आणि विचारा, ‘साहेब, तुम्हाला वन्यप्राण्यांचं प्रशिक्षण मिळालंय का? नसेल तर मिळावं म्हणून आम्ही ग्रामसभेचा ठराव करून देऊ का?’ जंगलालगतच्या गावाने अशी मागणी करणं यात काही वावगं नाही.

आणि आपल्या गटातल्या कुणाची लेक या वाटेने निघाली असेल, तर तिला आधी एक आठवडा तालुक्याच्या दवाखान्यात नेऊन बसवा. तिला रक्त बघवतं का, घाण वाटते का, तिचं मन रमतं का, हे तिचं तिला कळेल. मन रमलं तर नीटच्या क्लाससाठी आणि प्रवेशाच्या वेळच्या खर्चासाठी गटाचं अंतर्गत कर्ज कामी येऊ शकतं. आपण शेळी घ्यायला कर्ज देतो, शिलाई मशीनला देतो. शेळीचा डॉक्टर घडवायला द्यायला काय हरकत आहे? वाघाचा डॉक्टर झाली तर उत्तमच, पण शेळीची झाली तरी गावाचं कल्याणच.

पुढच्या भागात पशुसखीच्या प्रशिक्षणाबद्दल बोलू. तोवर आपल्या गावात किती मुली अकरावी सायन्सला आहेत, एवढं मोजून ठेवा.